चौथी उत्तीर्ण, इसवी सन एकवीसशेपर्यंत

दुपारची जेवणं झाली, तशी मुलीनं टेबलावरच लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "आई, दहा मिनिटं दे." निवृत्त बाईकडं सगळ्यांना दहाच मिनिटं हवी असतात. ती दहा मिनिटं चहाच्या वेळेपर्यंत कशी जातात ते मागणाऱ्याला कळत नाही. मी ताटं मोरीत ठेवली, चष्मा पदराला पुसला आणि बसले.

जळोचीच्या या घरात आम्ही दोघीच राहतो. ती बारामतीत एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि शिकवता शिकवता पीएच.डी. करते. तिचा विषय असा आहे की आपला देश आणि शेजारचे देश यांच्यात प्राथमिक शाळा पूर्ण केलेल्या बायका पुढच्या पाऊणशे वर्षांत किती असतील, याचे निरनिराळ्या लोकांनी बांधलेले अंदाज शेजारी शेजारी ठेवून बघायचे. तिनं हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हणाले होते, "उद्या नळाला पाणी येणार का ते कुणी सांगू शकत नाही, आणि तुम्ही एकवीसशे सालातल्या बायकांची चौथी सांगता होय!" तिला राग आला नाही. लहानपणी दोन वर्षं ती माझ्याच वर्गात होती, त्यामुळं माझं बोलणं तिला अंगवळणी पडलेलं आहे.

तिला या कामाचा चार पानी गोषवारा मराठीत द्यायचा होता आणि शब्द अडत होते. पडद्यावर सहा रंगांच्या सहा रेघा होत्या. श्रीलंकेची रेघ सुरुवातीपासूनच वर, पहिल्या बाकावरच्या पोरीसारखी, तिची काळजी करायचं कारणच नाही. बांगलादेशची खालून निघून भराभर चढलेली. नेपाळ, भूतान मागून येताहेत, पाकिस्तानची रेघ दमत दमत चाललेली. आपली जाड आणि लाल. पुढं जाता जाता सगळ्या एकमेकींजवळ येत होत्या आणि उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात, एकवीसशे सालापाशी, जवळजवळ एकच होत होत्या.

"आपण कितवे?" मी विचारलं. शेजारच्या पोरीला किती मार्क पडले हे विचारल्याशिवाय आपल्या पोरीचं प्रगतिपुस्तक कुठली आई बघते?

"कुणाचा अंदाज धरतेस त्यावर आहे. एकजण म्हणतो आपण लवकर पोचू, दुसरा म्हणतो कुठलं लवकर."

"आणि हा पहिला ठिपका कुठून आणला?"

"जनगणना, घरोघरची सर्वेक्षणं. माणसं सांगतात ना, घरात कोण कितवी शिकलंय."

"बाई स्वतः सांगते?"

"दारात जो भेटेल तो सांगतो."

"मग पुढचं कसं काढता?"

"ते सोपं आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात शिकवणाऱ्याचा उत्साह आला. तो उत्साह मला ओळखू येतो, माझ्यातून तो केव्हाच गेला आहे. "आज जी दहा वर्षांची आहे ती चाळीस वर्षांनी पन्नास वर्षांची होणार. वय वाढतं, पण झालेली इयत्ता काही कमी होत नाही. एकदा चौथी झालेली बाई मरेपर्यंत चौथी झालेलीच. म्हणून तर इतकं लांबचं सांगता येतं. शाळेत आज जे लिहिलं जातं, त्यावर ही सगळी रेघ उभी आहे."

मी उठले आणि चहाचं आधण ठेवलं. ती म्हणाली, एवढ्यात चहा? मी म्हणाले, डोकं दुखतंय. डोकं दुखत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आता ती चोरी सांगते.

पंचविसेक वर्षांपूर्वी मी इंदापूर तालुक्यात, भिगवणपासून आत, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी एका लहान शाळेत होते. दोन खोल्या, चार वर्ग, आम्ही दोन शिक्षक. दुसरे म्हणजे मुख्याध्यापक, माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे आणि स्वभावानं गरीब. मुलं उसाच्या रानांतल्या वस्त्यांवरून यायची, आणि थोडी मासे धरणाऱ्यांच्या झोपड्यांतून. ह्या झोपड्यांची एक रीत होती. धरण भरलं की पाणी पार शाळेच्या कुंपणाजवळ यायचं आणि पाण्याबरोबर झोपड्या यायच्या. संक्रांतीनंतर पाणी उतरायला लागायचं. ते मैल दोन मैल मागं सरकायचं, मग आणखी मागं, आणि जाळी, होड्या, कोंबड्या, पोरं घेऊन माणसं पाण्यामागं जायची. शाळा काही पाण्यामागं जात नाही, ती आपली जागच्या जागी.

त्या झोपड्यांतली एक मुलगी माझ्या वर्गात होती. श्रावणात यायची, संक्रांतीला जायची. नाकात सदा सर्दी, हात मात्र स्वच्छ. वही तिची अशी की बघत राहावं. फळ्यावर मी जे लिहीन ते ती जसंच्या तसं उतरवायची, वेलांटीचा बाक, उकाराचा काटा, कुठं म्हणून चुकायची नाही. एकदा तालुक्याचे साहेब तपासणीला आले. त्यांनी नेमकी तिची वही उचलली, वर्गाला दाखवली आणि म्हणाले, "बघा, अक्षर कसं मोत्यासारखं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी तिला वाचायला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मला माहीत होतं की त्या मोत्यांतलं एकही तिला वाचता येत नव्हतं. ती अक्षरं काढायची, पोरी उंबऱ्यावर रांगोळी काढतात तशी.

तीस सप्टेंबरला शाळेचा पट मोजला जायचा. त्या दिवशी जेवढी नावं तेवढ्यावर शिक्षक. सप्टेंबरात पाणी भरलेलं असायचं, झोपड्या जवळ, पट भरलेला. पण कुणाचं नाव दोन-तीन महिने सतत गैरहजर दिसलं की ते कमी करा म्हणून विचारणा व्हायची. अशी सातआठ नावं कमी झाली असती तर दुसरा शिक्षक गेला असता आणि चार वर्ग एकाच माणसाच्या अंगावर. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची, घरी सासूबाई आजारी. जाणारी मीच असते, नाहीतर राहणारी मीच, दोन्ही वाईट.

मी मुख्याध्यापकांना विचारलं, काय करायचं? ते म्हणाले, "बाई, नाव काढायला एक रेघ लागती. परत चढवायचं तर पोरगी हाताला लागाय पाहिजे. राहू द्या. पोरगी येईल तवा बसंल." त्यांना ते दयेपोटी वाटत होतं. मलाही तसंच वाटायचं, म्हणजे मी तसं वाटून घ्यायचे.

मग संक्रांतीपासून एप्रिलपर्यंत मी हजेरीत तिची हजेरी लावली. रोज लावली, लबाडीतही मी नियमित. संशय नको म्हणून मधे एखाद्या दिवशी गैरहजर दाखवायचे. वार्षिक परीक्षेला ती कुठं तरी गाळात पाय रोवून जाळं ओढत असायची, आणि इकडं मी तिच्या नावापुढं गुण भरायचे. फार नाही, बेताचे, तिच्या वकुबाला शोभतील असे. दुसरी, तिसरी, चौथी. चौथीनंतर तिचा बाप दाखला घेऊन गेला. पुढं पाचवीच्या शाळेत ती गेली नाही. आम्ही चहा प्यायलो आणि नव्या वर्षाची हजेरी आखायला घेतली.

अशा आणखी किती होत्या? मी मोजल्या नाहीत. हिचं तेवढं लक्षात राहिलं, त्या वहीमुळं.

मुलीनं ती रेघ दाखवल्यावर तिसऱ्या दिवशी मी भिगवणला गेले. घरी सांगितलं, मासे आणते. तसे मासे बारामतीतही मिळतात. मोत्यासारख्या अक्षराची ती मुलगी आता भिगवणच्या मासळी बाजारात मासे साफ करून देते असं मला कुणीतरी पूर्वी सांगितलं होतं, आणि दोन-तीन वर्षं मी त्या ओळीनं जायचंच टाळत होते.

ती विळीवर बसली होती. समोर चिलापी माशांचा ढीग, हातापायांवर खवले चमकत होते. तिशीची बाई, पण मान वाकवायची ढब तीच. तिनंच आधी पाहिलं.

"बाई? तुमीच न्हवं का?"

"मीच. ओळखलंस कशी?"

"न्हाय वळखायला काय झालं. केस तेवढं पांढरं झालं. आवाज अजून त्योच हाय, फळ्यावर खडू करकरल्यावानी."

शेजारच्या बायका हसल्या, मीही हसले. तिनं पाट पुसून मला बसायला दिला आणि हात चालू ठेवत सगळं सांगितलं. मी फारसं काही विचारलं नव्हतं. काही माणसं सांगायला कुणी भेटायचीच वाट बघत असतात.

तिची मुलगी इंदापूरला मुलींच्या वसतिगृहात होती, सहावीत. पाण्यामागं फिरून शिक्षण होत नाही हे आईला स्वतःवरून कळलेलं, म्हणून तिनं हट्टानं ठेवली होती. वसतिगृहात मुलींना फोन ठेवू देत नाहीत. बोलायचं तर तिथल्या बाईंच्या फोनवरून, सगळ्यांच्या देखत, दोन मिनिटं. म्हणून पोर चिठ्ठ्या लिहायची आणि रविवारी भेटायला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवायची. आईला वाचता येत नाही, त्यामुळं चिठ्ठी दीर वाचून दाखवायचा. दिवाळीनंतर एक चिठ्ठी आली. दिरानं ती नेहमीसारखी अंगणात, चारचौघांत, मोठ्यानं वाचली. त्यात पोरीनं लिहिलं होतं की तिला पहिल्यांदा पाळी आली, ती घाबरली, आणि आई तू ये.

"त्यो वाचत गेला, वाचत गेला, आन् मग मधीच गप झाला. तवर सगळ्यांनी ऐकलं हुतं. पोरं खिदळाय लागली." तिनं विळीवरचा हात थांबवला. "मी दुसऱ्या दिशी गेले इंदापूरला. तिला कुनी तरी आधीच सांगितलं हुतं. माझ्यासंगं बोलली न्हाय. तवापासनं चिठ्ठी न्हाय. फोनवर इचारलं तर म्हनती, बरी हाय. बाई, बरी हाय म्हनायला काय लागतंय?"

"मग?"

"मग मी ठरवलं, आपुनच शिकायचं. आमच्या जुन्या शाळंत सांजच्याला वर्ग भरतो, मोठ्या मानसांचा. गेले. तितल्या सरांनी यादी बघितली, माझं नाव न्हाय. सर्व्हेवाले आलते तवा दिरानं सांगितलेलं, वहिनी चौथी पास. मग सरांनी जुनं रजिस्टर काढलं. त्यातबी तेच. म्हनले, ताई, ह्यो वर्ग ज्यास्नी येत न्हाय त्यांच्यासाठी हाय. तुमी शिकलेल्या. मी म्हनलं, आवं सर, न्हाय येत. तर म्हनले, इसरलं असंल, घरी सराव करा." ती हसली. "जन्मात पयल्यांदा कुनी हुशार म्हनलं बाई, आन् त्याच पायी मला माघारी धाडलं."

माझ्यावर तिनं कसलाच आरोप केला नाही. तिला त्यातलं काही माहीतच नव्हतं. तिच्या लेखी शाळा म्हणजे पाणी भरल्यावर जायची जागा, आणि चौथी म्हणजे बापानं आणलेला एक कागद. ती शिव्या देती तर मला सोपं गेलं असतं. मी साफ केलेली चिलापी घेतली आणि म्हणाले, बघते काय करता येतं.

शाळेत गेले. आताचे मुख्याध्यापक तरुण आहेत, त्यांनी उठून खुर्ची दिली. मी म्हणाले, त्या बाईला वाचता येत नाही हे मी सांगते, घ्या तिला वर्गात. ते म्हणाले, "बाई, तुमचा शब्द खरा. पण रेकॉर्डला ती उत्तीर्ण आहे. तुम्ही लेखी द्या, की नोंद चुकीची होती. मग मी वर पाठवतो." त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढं केलं. मी वर उजव्या कोपऱ्यात तारीख घातली. मग निवृत्तिवेतन आठवलं, चौकशी आठवली, आता हयात नसलेले ते गरीब मुख्याध्यापक आठवले, त्यांच्यावर ढकलायचा मोह कसा होईल तेही आठवलं. समोरच्या तरुण मुख्याध्यापकांनी हळूच म्हटलं, "कशाला जुनं उकरता, बाई?" मी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

मी लेखी दिलं नाही. हे इथं लिहिते आहे तेही कुणाचं नाव न घालता, माझंसुद्धा. म्हणजे धीर अजून आलेला नाही.

मग उरलं काय, तर आपण स्वतः जाणं. आठवड्यातून दोनदा, दुपारी, बाजार ओसरल्यावर. जळोचीहून बारामतीचा स्टँड, तिथून भिगवणची एसटी. गुडघ्यांना ही कल्पना अजिबात पसंत नव्हती. मलाही नव्हती. साठी जवळ आल्यावर पुन्हा काना-मात्रा शिकवायची हौस कुणाला असते? पण घरात बसलं की ती लाल रेघ डोळ्यांपुढं यायची.

पहिल्या दिवशी मी पाटीवर 'पाणी' लिहिलं. तिनं थर्माकोलच्या खोक्याच्या झाकणावर पेन्सिलीनं लगेच खाली तस्संच लिहिलं. देखणं अक्षर, वीस वर्षांत हात बिघडलेला नाही. मी विचारलं, काय लिहिलंस?

"तुमीच लिवलं की. तुमाला ठावं."

मला तिथंच रडू आलं. मी शिंकल्यासारखं केलं, तिनं पाण्याची बाटली दिली. तीन वर्षं ही पोर माझ्यासमोर बसून हेच म्हणत होती, फक्त तोंडानं म्हणत नव्हती.

त्या दिवसापासून मी पाटी बंद केली. उतरवून घ्यायचं काही नाहीच. मी आवाज म्हणायचा, तिनं अक्षर काढायचं. ती चिडायची. बघितल्याशिवाय हात चालायचा नाही, डोळे माझ्या हाताकडं जायचे आणि हात रिकामा. "आवं एकदा दावा तरी," म्हणायची. मी दाखवायची नाही. जाळं, होडी, मरळ, रोहू, एकेक शब्द तिच्या तोंडून घ्यायचा, फोडायचा, जोडायचा. शेजारची बाई चिडवायची, "म्हातारपनी कलेक्टर व्हायची का गं?" ही म्हणायची, "व्हईन की. पयली तुझी बदली करते."

काही आठवडे मी गेलेच नाही. पाऊस होता, गुडघा होता, कंटाळा होता. खरं सांगायचं तर कंटाळाच होता. परत गेल्यावर तिनं कधी विचारलं नाही, बाई कुठं होता. खोक्याचं झाकण पुसून पुढं ठेवायची. हजेरी आता तिच्याकडं होती आणि ती माझे खाडे धरत नव्हती.

अशातच एक दिवस मुलीनं मला गाठलं. मासे इतके येत होते की तिला संशय आला असणार. मी भाजी निवडत होते, खाली मान घालूनच सगळं सांगून टाकलं, हजेरी, गुण, दाखला. तिनं माझ्यापुढची अर्धी जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागली. मग म्हणाली, "आई, एका बाईनं रेघ हलत नाही."

"मला माहीत आहे. पण मी काय एकटीच होते का?"

"नाही. चूक गृहीत धरलेली असते. सगळ्याच देशांत धरतात."

"म्हणजे सगळ्याच देशांत माझ्यासारख्या बाया आहेत म्हण की."

ती हसली नाही. मी मात्र पुढं कितीतरी दिवस त्या बायांचा विचार करत राहिले. बांगलादेशात नदीनं किनारा कापला की घरं उठतात, तिथंही एखादी शाळा असेल आणि शाळेत एखादी दमलेली बाई. नेपाळात डोंगर उतरून गेलेल्या पोरींच्या नावापुढं कुणीतरी बारीक खूण करत असेल. पाकिस्तानात एखादा गरीब हेडमास्तर म्हणत असेल, राहू द्या बाई, येईल तेव्हा बसेल. आम्ही एकमेकींना कधी भेटणार नाही. पण मुलीच्या त्या चित्रात आम्ही सगळ्या शेजारी शेजारी आहोत, आणि उजव्या कोपऱ्यात सगळ्यांची बेरीज सारखीच येते आहे. गोषवाऱ्यात मुलीनं शेवटी एक वाक्य घातलं, की हे अंदाज शाळा पूर्ण झाल्याची नोंद मोजतात, वाचता येणं मोजत नाहीत. मी म्हणाले, हेच वाक्य पहिलं घाल. ती म्हणाली, पहिलं घालता येत नाही, आई.

भाद्रपदात पाणी भरलं तोवर बाजारातल्या माझ्या विद्यार्थिनीला अवघड जोडाक्षरं सोडून बरंच येऊ लागलं होतं. एक दिवस मी पोचले तर तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. बापानं आणलेला दाखला. घड्यांवर फाटत आलेला. ती बोट ठेवून वाचायला लागली. नाव वाचलं, गाव वाचलं. मग, "इय-त्ता चौ-थी. उ... उत्..."

"उत्तीर्ण," मी म्हणाले.

"उत्तीर्न. प्रगती. समा-धान-कारक. वर्त-नूक चांगली." तिचं बोट खाली सरकत गेलं आणि वर्गशिक्षकाच्या सहीवर थांबलं. सही तिला वाचता आली नाही, कुणाचीच सही वाचता येत नाही. पण तिनं माझ्याकडं पाहिलं. "ही तुमची का, बाई?"

"माझी."

"मी परीक्षेला हुते?"

तिचा आवाज रागाचा नव्हता. खरंच विचारत होती, माणूस लहानपणचं काही आठवत नसलं की विचारतो तसं.

"नव्हतीस," मी म्हणाले. "तिन्ही वर्षं नव्हतीस. हजेरीही मीच लावत होते. तुझं नाव राहावं म्हणून, आणि माझी शाळा राहावी म्हणून."

तिनं कागदाची घडी केली. पिशवीत घातली. पिशवीच्या तोंडाला दोरा गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मी उठून जायच्या बेतात होते. तेव्हा ती म्हणाली, "मग आता घ्या की."

"काय?"

"परीक्षा. ऱ्हायलीया न्हवं का."

त्या दुपारी आम्ही तिची चिठ्ठी लिहिली. म्हणजे तिनं लिहिली, मी तिच्याकडं पाठ करून बसले, बाजाराकडं तोंड करून. पाऊण तास लागला. संपल्यावर तिनं मला दाखवली, कारण शुद्धलेखनाची तिला भीती होती. दोनच ओळी होत्या. 'आता मी स्वता वाचते.' 'दुसऱ्या कुनाला देत न्हाय.' 'स्वता'पुढं विसर्ग नव्हता. मी तो घातला नाही, काहीच दुरुस्त केलं नाही. ती चिठ्ठी रविवारी इंदापूरला गेली.

पहिल्या रविवारी उत्तर आलं नाही. दुसऱ्याही नाही. त्या आठवड्यात माशाचं पोट चिरताना विळी दोनदा तिच्या बोटाला लागली. मी जोडाक्षरं घेत राहिले. मला वाटलं, उशीर झाला. पोरींचं मन एकदा मिटलं की मिटलं. आणि हा उशीर दहा-अकरा महिन्यांचा नव्हता, वीस वर्षांचा होता, आणि तो माझ्या अक्षरात लिहिलेला होता.

तिसऱ्या आठवड्यात मी पोचले तेव्हा तिनं हात धुवून ठेवले होते. साबणानं, कोपरापर्यंत. चिठ्ठी पोलक्यातून काढली, वहीच्या कागदाची, चारी बाजूंनी चिकटवलेली. सकाळीच आली होती, पण बाई येईपर्यंत तिनं उघडली नव्हती. मी चष्मा लावला आणि पाट तिच्या जवळ सरकवला. अडलं तर सांगायला जवळ असावं म्हणून.

तिनं चिकटवलेली कड नखानं सोडवली. माझ्याकडं पाहिलं. आणि मग बसल्या जागी वळली, पाठ माझ्याकडं करून. डोकं खाली गेलं. खांदे हलत नव्हते, मान मात्र ओळीबरोबर डावीकडून उजवीकडं जायची आणि परत डावीकडं यायची. ओठांची पुटपुट ऐकू येत होती, शब्द कळत नव्हते. चिठ्ठी मोठी होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. एका ठिकाणी ती बराच वेळ अडली. मी पुढं झुकले आणि म्हणाले, "कुठलं अक्षर आहे? दाखव."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लागलं."

वाचून झाल्यावर तिनं चिठ्ठी घडी करून परत पोलक्यात ठेवली आणि डोळे पुसले.

"काय लिहितीय?" मी विचारलं.

"ते तुमाला न्हाय सांगायचं, बाई," ती म्हणाली आणि विळीवर बसली.

आजवर किती तरी पोरींना मी न तपासता पास केलं आहे. हिचा हा पेपरही मी पाहिला नाही. परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. पर्समध्ये तो वर तारीख घातलेला कागद अजून होता. मांडीवर पर्स ठेवून त्याच्यावर मी पुढचं लिहायला घेतलं. पहिली ओळ झाली, तोवर बारामती आली.